माय आणि मावशी

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण लहानपणापासून आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. आईच्या बहिणीला एवढा मान देणारी भाषा क्वचितच सापडेल. आणि गंमत अशी, की आज पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीत सकाळी आठ वाजता जाऊन उभे राहिले, तर दर दुसऱ्या दारातून एक तरी मावशी आत शिरताना दिसते. ती कोणाच्याही आईची बहीण नसते. ती मूल सांभाळायला आलेली बाई असते. घरातले मूल तिला मावशी म्हणते, मुलाची आई तिला मावशी म्हणते, आजोबासुद्धा तिला मावशीच म्हणतात. आपण तिला नाते बहाल केले आहे. परंतु त्या नात्याचे हक्क आपण तिला दिले आहेत काय? आणि मावशीला आणल्यावर मायेच्या वाट्याला नेमके काय उरते? या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

लेखाला निमित्त घडले ते आपल्याच महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचे. ‘पाळणाघरे ही आधुनिक मातांची पळवाट आहे’ असा विषय होता. अनुकूल बाजूने मातेच्या वात्सल्याचे गोडवे गायिले गेले, प्रतिकूल बाजूने स्त्रीस्वातंत्र्याचे. टाळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडल्या. सुमारे दीड तास चाललेल्या त्या चर्चेत दोन माणसांचा उल्लेख एकदाही झाला नाही. एक म्हणजे मुलाचा बाप, आणि दुसरी म्हणजे ते मूल दिवसभर जिच्या कडेवर असते ती बाई. त्यांपैकी दुसऱ्या बाईविषयी मला थोडे अधिक ठाऊक आहे. माझी आई गेली पंधरा वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वीच्या काळी मूल आईच्या एकटीच्या हाती वाढत असे आणि आता ते परक्या हाती गेले, असे सर्रास बोलले जाते. इतिहास याला साक्ष देत नाही. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. त्यांना दूध पाजले ते कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊने, आणि सईबाई १६५९ साली निवर्तल्या तेव्हा राजे अवघे दोन वर्षांचे होते. मेवाडच्या पन्ना दाईने १५३६ साली राजपुत्र उदयसिंहाला वाचविण्यासाठी पोटचे पोर मारेकऱ्यापुढे केले, अशी कथा सर्वश्रुत आहे. ‘आया’ हा शब्द तर पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि पुढे साहेबांच्या बंगल्यांतून देशभर गेला. ही झाली राजेरजवाड्यांची आणि साहेबांची गोष्ट. सामान्यांच्या घरी काय होते? वाड्यात आजी होती, आत्या होती, विधवा काकू होती, आणि यांपैकी कोणीच मोकळे नसेल तेव्हा सात-आठ वर्षांची थोरली बहीण होती. धाकटा भाऊ कडेवर घेऊन कमरेतून वाकलेली मुलगी हे आपल्या खेड्यापाड्यांतले नित्याचे दृश्य होते. आई शेतावर जाई, धुण्याला जाई, दळणाला बसे. मूल अनेकांच्या हातांवर वाढे. ‘पूर्वी आई घरी असे’ हे खरे, पण ती मुलापाशी बसलेली असे हे मात्र खरे नव्हे.

मग बदलले काय? हातांची संख्या बदलली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आता दोनच मोठी माणसे आहेत आणि दोघांनाही सकाळी साडेआठला बाहेर पडावयाचे आहे. जागेचे हप्ते, शाळेची फी, गावाकडे पाठवावयाचे पैसे यांचा हिशेब एका पगारात बसत नाही. शिवाय जिने पंधरा-सोळा वर्षे शिक्षण घेतले, तिने ते कपाटात ठेवून द्यावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तेव्हा मूल कोणाच्या तरी स्वाधीन करणे ही चैनही नव्हे आणि पळवाटही नव्हे. ती गरज आहे. खरा वाद ती कशी भागवावी याबद्दल असला पाहिजे.

या बाबतीत शास्त्र काय सांगते ते पाहणे उद्बोधक ठरेल. मातेच्या सहवासाचा प्रश्न जगापुढे ठळकपणे आणला तो जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने १९५१ साली लिहिलेल्या अहवालाने मोठी खळबळ उडविली. बालपणी मातेचा किंवा कायम मातेची जागा घेणाऱ्या व्यक्तीचा उबदार, अखंड सहवास मिळाला नाही, तर मुलाच्या मनावर दूरगामी परिणाम होतात, हे त्याचे प्रतिपादन. याचा सोयीस्कर अर्थ असा लावला गेला, की आईने घराबाहेर पाऊलच टाकू नये. वास्तविक बोल्बीने पाहिलेली मुले प्रामुख्याने अनाथालयांतली, रुग्णालयांतली, युद्धात घरापासून तुटलेली होती. संध्याकाळी सात वाजता आई घरी येणारे मूल आणि आई कधीच न येणारे मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मायकेल रटर याने १९७२ साली या सिद्धांताची फेरतपासणी करताना असे अनेक भेद स्पष्ट केले.

पण मला बोल्बीच्या ग्रंथांइतकेच त्याचे चरित्र महत्त्वाचे वाटते. तो सुखवस्तू घरात वाढला. त्या घरांच्या रिवाजाप्रमाणे आईची भेट दिवसातून तासभर, चहानंतर होई. बाकीचा दिवस मिनी नावाच्या आयेबरोबर जाई. तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास मिनी ते घर सोडून गेली. ते दुःख आई गेल्यासारखेच होते, असे तो पुढे म्हणत असे. मातेच्या वियोगावर ज्याने आयुष्य वेचले, त्याचा स्वतःचा पहिला वियोग आईचा नव्हता, सांभाळणाऱ्या बाईचा होता! वादविवाद स्पर्धेत बोल्बीचे नाव घेणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

त्यानंतरच्या संशोधनाने चित्र आणखी स्पष्ट केले. शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगो शहरातील ६० बालकांचा अभ्यास करून १९६४ साली दाखविले, की मूल एकाच व्यक्तीला चिकटते ही समजूत बरोबर नाही. दीड वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांचा आई, बाप, आजी, शेजारीण अशा एकापेक्षा अधिक माणसांशी जिव्हाळा जडलेला होता. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३६४ मुलांचा जन्मापासून पुढे कित्येक वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष कोणत्याच पक्षाला संपूर्ण आनंद देणारे नाहीत. केवळ आईनेच वाढविलेली मुले आणि इतरांनीही सांभाळलेली मुले यांच्या विकासात सरसकट फरक दिसला नाही. सांभाळ चांगला असेल तर मुलांची भाषा आणि समज काहीशी अधिक चांगली होती. मात्र पाळणाघरात फार लांबलचक तास काढलेल्या मुलांत हट्ट आणि आडदांडपणा थोडा अधिक आढळला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूल कोणीही सांभाळो, त्याच्यावर अधिक ठसा उमटला तो घरातल्या वातावरणाचा आणि आई-बापांच्या वागणुकीचा. म्हणजे मावशी आणल्याने माय रद्द होत नाही. परंतु मायेचे काम मावशीला सर्वस्वी बहाल करूनही चालत नाही.

शास्त्र एवढे सांगते. आता घरातले सांगते.

आमचे घर पर्वतीच्या पायथ्याशी आहे. २०१२ साली आई सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबात कामाला लागली. नवरा-बायको दोघेही नोकरदार, माणसे सुसंस्कृत, पगार वेळेवर. मूल तीन महिन्यांचे होते, कारण त्या काळी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांचीच मिळे. तीन महिन्यांच्या त्या मुलाला आईने तेल लावून न्हाऊ घातले, त्याची पहिली मऊ भाताची वाटी तिच्या हातची, त्याचे पहिले पाऊलही तिच्याच समोर पडले. ती बातमी तिने मुलाच्या आईला सांगितली नाही. रविवारी त्याने आईसमोर पाऊल टाकले तेव्हा घरात पेढे आले, आणि माझ्या आईने पहिल्यांदाच पाहिल्यासारखे कौतुक केले. मला ही गोष्ट तिने पुष्कळ वर्षांनी सांगितली, तीही सहज, भाजी निवडता निवडता.

ते मूल तीन वर्षांचे होत आले, तेव्हा एक संध्याकाळ अशी आली की त्याची आई कामावरून आली आणि ते तिच्याकडे जाईना. माझ्या आईच्या गळ्यात हात टाकून ते रडू लागले आणि तिलाच ‘आई’ म्हणाले. दहा तास कचेरीत आणि दोन तास रहदारीत काढून आलेल्या त्या बाईला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मला तिचा राग येत नाही. पण पुढच्या आठवड्यात एका दुपारी माझ्या आईला महिन्याचा संपूर्ण पगार हातात देऊन ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात आले. मूल तेव्हा झोपलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याला ‘मावशी गावाला गेली’ असे सांगितले गेले. त्याच इमारतीत काम करणाऱ्या आमच्या शेजारणीने नंतर सांगितले, की पुढे कितीतरी दिवस सकाळी आठच्या सुमारास ते गॅलरीत येऊन फाटकाकडे बघत उभे राही. आईने त्या घराला कधी नावे ठेवली नाहीत. ती एवढेच म्हणाली, “पोराला सांगून निघायला पाहिजे होतं.”

या एका वाक्यात मला बालसंगोपनाचे एक संपूर्ण तत्त्व दिसते. सांभाळणारी बाई बदलणे कधी कधी अटळ असते. तिचे घर बदलते, मालकांची बदली होते, मूल शाळेत जाऊ लागते. परंतु मुलाच्या लेखी ती बाई म्हणजे नोकर नसते. तिचे जाणे हे कोणीतरी नाहीसे होणे असते. विन्स्टन चर्चिलला वाढविणाऱ्या एलिझाबेथ एव्हरेस्टला मुले मोठी झाल्यावर, १८९३ साली, त्या घराने निरोप दिला. १८९५ साली ती मृत्युशय्येवर असता तरुण चर्चिल तिच्याजवळ धावून गेला. लॉर्डांच्या वाड्यात जे घडले तेच आपल्या फ्लॅटमध्ये घडते, आणि त्यात मुलाला कोणी विचारीत नाही. तेव्हा माझी पहिली सूचना अशी, की मावशी बदलायचीच असेल तर जुनी आणि नवी अशा दोघींनी निदान आठवडाभर एकत्र यावे, मुलाला खरे ते सांगावे, त्याला रडू द्यावे, आणि जुन्या मावशीने अधूनमधून भेटीला येण्याची वाट मोकळी ठेवावी. याला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मत्सराची. मुलाने सांभाळणाऱ्या बाईला जीव लावला, तर ते तिच्या कामाचे यश असते आणि मुलाच्या निरोगी मनाचे लक्षण असते. जे मूल दिवसातले दहा तास ज्या माणसाबरोबर काढते त्याच्याशी त्याचा जिव्हाळा जडलाच नाही, तर काळजी तेव्हा करावी. आईपणाची वाटणी भाकरीसारखी होत नसते, की एकीला अर्धी दिली म्हणजे दुसरीला अर्धीच उरेल. यशोदेला माय म्हटल्याने देवकीचे काही कमी झाले, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. आपण दोघींचेही नाव घेतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची. बहुतेक घरांत सकाळी मूल हातात देताना आणि संध्याकाळी परत घेताना मिळून पाच मिनिटेही बोलणे होत नाही. ‘दूध प्यायला का’, ‘झोपला का’, एवढ्यावर संपते. तो आज कशाला घाबरला, कोणता नवा शब्द बोलला, कोणावर रुसला, हे विचारले जात नाही आणि न विचारता सांगणे बाईला अवघड वाटते. त्यामुळे मुलाचा दिवस आई-बापांपुरता हरवतो. रोजचे दहा मिनिटांचे असे बोलणे झाले, तर पहिले पाऊल लपवून ठेवण्याची पाळी कोणावर येणार नाही. आता काही घरांतून कॅमेरे बसविले जातात. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी मी समजू शकते, वर्तमानपत्रांतल्या बातम्या कोणाचेही काळीज हलवतील अशाच असतात. पण कॅमेरा लावायचा असेल तर तो बाईला सांगून लावावा. आणि दिवसभराचे चित्रण पाहून जे कळणार नाही, ते तिच्याशी दहा मिनिटे बोलून कळेल, हेही ध्यानात असू द्यावे.

आता आई-बापांकडे वळू. ‘आम्ही थोडा वेळ देतो, पण दर्जेदार देतो’ असे एक वाक्य हल्ली फार ऐकू येते. मला ते अर्धेच पटते. मुलाला रविवारी मॉलमध्ये नेऊन आठवड्याची भरपाई होत नाही. मुलाचे जग ठरलेल्या वेळांचे असते. रात्रीचे जेवण, अंथरुणावरची गोष्ट, सकाळची आंघोळ, तापात कपाळावरचा हात, या त्या जगाच्या चार भिंती आहेत. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातली कोणती आठवण महाराष्ट्राच्या मनात घर करून बसली आहे? आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने खाली पसरलेल्या वस्त्रावर पाय ठेवणाऱ्या मुलाची. तो काही उत्सवाचा प्रसंग नव्हे, रोजच्या आंघोळीची गोष्ट आहे.

माझ्या स्वतःच्या बालपणाचे असेच आहे. आई सकाळी सातला घर सोडी, माझी शाळा साडेअकराला. मधला वेळ मी शेजारच्या आजींकडे असे. त्यामुळे आई माझ्या वेण्या आदल्या रात्रीच घालून ठेवी. साडेआठला जेवण झाले, की ती भिंतीला टेकून बसे, मी तिच्या पुढ्यात पाठमोरी, आणि खोबरेल तेलाची बाटली बाजूला. वीस मिनिटे लागत. त्या वीस मिनिटांत शाळेतले सगळे सांगून होई, कारण पाठमोरे बसले म्हणजे चुकासुद्धा सांगता येतात. शाळेत मुली माझ्या विसकटलेल्या वेण्यांना हसत. मला त्याचे वाईट वाटे, नाही असे नाही. पण आई दिवसभर नसते म्हणून ती ‘नाही’ असे मला कधी वाटले नाही. दिवसभराची गैरहजेरी वीस मिनिटांनी भरून निघते असा माझा दावा नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की ती वीस मिनिटे कधी चुकली नाहीत. ती येणार हे ठाऊक होते, म्हणून बाकीचे तास काढता आले.

याउलट घरात असून नसणारेही आई-बाप असतात. मूल मांडीवर आणि डोळे मोबाइलमध्ये, हे दृश्य आता श्रीमंत-गरीब सर्वच घरांत दिसते, आमच्या वस्तीतही दिसते. अशा वेळी देहाने कोण हजर आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

आणि बाप? आतापर्यंत मी वारंवार ‘आई-बाप’ असा जोडशब्द वापरला, परंतु व्यवहारात तो क्वचितच जोडीने येतो. मूल आजारी पडले तर रजा कोणी काढायची, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही, उत्तर ठरलेले असते. आपले नियमही तेच गृहीत धरतात. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे स्वागतार्हच आहे. पण पुरुषाला ती लागू केली ती पत्नी हयात नसेल किंवा ती अंथरुणाला खिळलेली असेल अशा परिस्थितीत. म्हणजे आई धडधाकट असेपर्यंत बापाने मूल सांभाळण्याचे कारणच नाही, असे शासनाचेही मत दिसते! नोकरी करणाऱ्या आईवर ‘मुलाकडे लक्ष नाही’ असा ठपका ठेवणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनी आपल्या वडिलांनी आपल्याला किती वेळा न्हाऊ घातले ते आठवून पाहावे. माय आणि मावशी या दोघींमध्येच सारे वाद होत असताना तिसरा माणूस वर्तमानपत्र वाचत बसला आहे, हे चित्र बदलले तर निम्मा प्रश्न सुटेल.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की निदान पहिली दोन-तीन वर्षे तरी आईने घरी राहावे. ज्यांना परवडते आणि मनापासून आवडते त्यांनी अवश्य राहावे, त्यांना हिणविण्याचे काहीच कारण नाही. परंतु हा उपदेश करणाऱ्यांनी तीन वर्षांनंतर त्या बाईला तिची नोकरी परत कोण देणार याचेही उत्तर द्यावे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. दिवसातून चार वेळा आईला तेथे जाऊन येण्याची मुभाही मिळाली. पुढे आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवल्या आहेत. सहा महिन्यांचे मूल जिन्याखालच्या खोलीत आहे आणि चार वेळा त्याला जवळ घेता येते, ही व्यवस्था प्रत्यक्षात आली, तर आईने घर की नोकरी हा प्रश्न बराच सौम्य होईल. कायदा झाला, आता खोल्या झाल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. चांगले पाळणाघर, चांगला पगार, शिकलेली बाई मिळाली की आई-बापांनी निर्धास्त व्हावे, असे म्हणणारे आहेत. हेही मला मान्य नाही. पैसे देऊन वेळ विकत घेता येतो, पण आपली जागा कोणाला विकता येत नाही. माझ्या आईने सांभाळलेली मुले आज मोठी झाली आहेत. तिला त्यांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत. पण त्यांचे पुढे काय करायचे, त्यांना कोणत्या शाळेत घालायचे, त्यांच्या चुकांचे उत्तरदायित्व कोणी घ्यायचे, हे तिच्या हाती नव्हते, आणि नसावेच. ते काम आयुष्यभराचे आहे, ते रोजंदारीवर होत नाही.

शेवटी या प्रश्नाची ती बाजू, जिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जी बाई दुसऱ्याचे मूल सांभाळते, तिचे मूल कोण सांभाळते? माझ्यासाठी शेजारच्या आजी होत्या. ज्यांना आजी नसतात त्यांची थोरली मुलगी शाळा सोडते. म्हणजे एका घरातली बाई शिकलेली आहे म्हणून दुसऱ्या घरातली मुलगी अशिक्षित राहते. ही साखळी आजची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा त्यांना हेच दिसले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असतात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटे आत पाळण्यात, मधले अंगणात, थोरले वर्गात! दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. इमारत उभी राहत असेल तेथेच पाळणाघर, इमारत संपली की पुढच्या जागी. मूल आईपाशी आणि आई कामापाशी, असे या दोन्ही प्रयोगांचे सूत्र होते.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. परंतु अंगणवाडी काही तासांची असते आणि कामावरच्या बाईचा दिवस दहा तासांचा. आमच्या वस्तीतली मुले अंगणवाडी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत कोठे असतात, हे कोणीही येऊन पाहावे. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची रजा घरकाम करणाऱ्या बाईच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामुळे निदान ‘कामगार’ हा शब्द तरी तिला लागू झाला. बाकी तिची रजा, तिचा पगार, तिच्या आजारपणाचे दिवस हे त्या त्या घराच्या मर्जीवर आहेत. तेव्हा ज्या घरांना आपल्या मुलाला स्थिर, शांत मनाची मावशी हवी आहे, त्यांनी तिला आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आणि ठरलेली निघण्याची वेळ द्यावी. जी बाई स्वतःच्या मुलाच्या काळजीत घड्याळाकडे बघते आहे, तिच्याकडून दुसऱ्याच्या मुलाकडे संपूर्ण लक्ष देण्याची अपेक्षा करणे हे तिच्यावरही अन्याय करणारे आहे आणि त्या मुलावरही.

आपल्या प्राध्यापकवर्गातील अनेकांच्या घरी अशा मावशी येतात. आमच्या वर्गातल्या दोन विद्यार्थिनी स्वतः माता आहेत आणि मूल सासूबाईंनी सांभाळले नाही त्या दिवशी त्यांची हजेरी बुडते. कचेरीतल्या एक ताई दुपारच्या सुट्टीत रिक्षाने घरी धावताना आपण रोज पाहतो. एवढ्या माणसांच्या गरजेसाठी कायद्याने भाग पाडण्याची वाट आपण का पाहावी? ग्रंथालयामागची जी खोली जुन्या बाकांनी भरलेली आहे ती रिकामी करून तेथे एक पाळणाघर सुरू करावे, अशी माझी प्राचार्य महोदयांना आणि विद्यार्थी मंडळाला नम्र विनंती आहे. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याचे दोन तास तेथे काम करावे, मुलग्यांनीही. बालमानसशास्त्राच्या पुस्तकात जे कळत नाही ते तेथे एका दुपारी कळेल. खर्च प्राध्यापकांच्या आणि पालकांच्या मासिक वर्गणीतून भागावा, विद्यार्थिनींना ती माफ असावी.

एकच अट मी घालीन. त्या पाळणाघरात ज्या मावशी नेमल्या जातील, त्यांचे मूल लहान असेल, तर त्याचा पाळणा त्याच खोलीत टांगलेला असावा.